टाकी वर की खाली

माझ्या हातचं काम कुणी नावाजलं नाही तर मला राग येतो, आणि नावाजलं तर मी शेफारतो. रेल्वेच्या कारखान्यात आठ वर्षं घासूनही हा स्वभाव गेला नाही. त्यामुळे कल्याणच्या भातगिरणीतली ही हकिगत लिहिताना मला स्वतःला जरा बाजूला बसवावं लागणार आहे. ती खरं तर ठाण्याच्या एका म्हाताऱ्या तांबटाची आहे.

गिरणी खाडीच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर गळायला लागला तेव्हा मालकांनी ते काढून टाकलं आणि मुंबईहून कुणाचं तरी वापरलेलं, घासलेटावर चालणारं इंजिन आणलं. आमच्या भागात तसलं इंजिन कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या मागच्या अंगाला लोखंडी डोकं होतं. ते दिव्याने तापवायचं, तापलं की आत थोडंथोडं घासलेट सोडायचं, त्याची वाफ व्हायची, ती पेटायची आणि चाक फिरायचं. पण आलं ते नुसतं धड. तेलाची टाकी, नळी आणि पंप आधीच्या धन्याकडे कुठे गहाळ झाले होते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते जमवण्याचं काम माझ्यावर आलं.

मालकांनी डोंबिवलीकडची आपली सगळी शेतं विकून ही गिरणी उभी केली होती. भिंती कुडाच्या, छप्पर लाकडाचं, एका कोपऱ्यात तुसाचा ढीग पार आढ्याला टेकलेला, आणि पलीकडे पडवीत मालक, त्यांची आई आणि बायकामुलं राहत. त्यांनी मला एवढंच बजावलं, "मिस्त्री, इंजिन हळू चाललं तरी चालेल. आग लागता कामा नये. ही गेली तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

मी त्यांना निर्धास्त राहायला सांगितलं. माझा बेत तयार होता. टाकी वर तुळईवर ठेवायची, तिच्यातून शिशाची नळी खाली आणायची, तिला तोटी बसवायची. तेल आपल्या वजनाने उतरेल, पंपाची कटकटच नको. शिशाची नळी हाताने वाकते आणि जिथे सांधा येईल तिथे रबराची चकती घातली की झालं. हे सगळं मी कागदावर काढलं आणि ते चित्र मला फार आवडलं.

टाकी करायला सांगायला मी ठाण्याला तांबटाकडे गेलो. म्हातारा अंगाने किरकोळ, कानाने थोडा जड. जागा पाहिल्याशिवाय भांडं करत नाही, असा त्याचा नेम होता. दुसऱ्याच दिवशी तो आगगाडीने कल्याणला आला, गिरणीतून एक फेरी मारली, तुसाच्या ढिगात मूठ घालून पाहिली आणि मग माझं चित्र मागितलं.

बराच वेळ पाहून म्हणाला, "अरे, हे तर अभिषेकपात्र झालं. देवळातली ती मीच करतो. वर टांगलं की ते गळतच राहतं. पिंडीला चालतं ते. तुझ्या पिंडीचं डोकं तापलेलं असणार."

मी म्हटलं, तोटी आहे की.

"तोटी बंद करायला माणूस शुद्धीवर लागतो," तो म्हणाला. "गडबडीत कोण असतं शुद्धीवर?"

त्याचं म्हणणं असं, की टाकी भिंतीबाहेर, जमिनीत पुरावी. तेल वर ओढायला पंप, आणि तो पंप इंजिनाच्याच दांड्याने हलावा. इंजिन थांबलं की पंप थांबेल, पंप थांबला की तेल थांबेल, आणि कुठे काही फुटलंच तर तेल उताराने आपल्या टाकीत परत जाईल. मालकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हाताऱ्याचा शब्द मानला. मी तीन दिवस फुगून बसलो होतो. इंजिनाची जात ओळखणारा मी, आणि हंडे-कळशा ठोकणाऱ्याचं ऐकायचं?

पण त्याला काम करताना पाहिलं आणि माझा फुगा हळूहळू बसला. शिसं त्याने हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं. इंजिनाच्या हादऱ्याने ते महिन्याभरात चिरेल म्हणाला. त्याने तांब्याची नळी घेतली, तिच्यात वितळलेली राळ ओतली, राळ थिजल्यावर नळी गुडघ्यावर घेऊन वाकवली आणि मग तापवून राळ काढून टाकली. इतका गोल वळसा, कुठे चिमटा नाही, सुरकुती नाही. असा एक पूर्ण फेरा त्याने नळीत मुद्दाम ठेवला, हादरे त्यात जिरावेत म्हणून. कारखान्यातल्या साहेबांनाही मी असा वळसा काढताना पाहिलं नव्हतं. पंपासाठी त्याने आपल्या दुकानातली रंगपंचमीची पितळी पिचकारी आणली, तिचा दट्ट्या घासून बेतशीर केला, दोन्ही तोंडांना पितळी गोळ्यांच्या झडपा बसवल्या. मी हसलो. तो पंप एका दमात तेल ओढायला लागला तेव्हा माझं हसू मावळलं.

मग त्याने परीक्षा घेतली. घरातून रांगोळी मागवली आणि प्रत्येक सांध्यावर कोरडी भुरभुरवली. पाणी जिथून जात नाही तिथूनही घासलेट झिरपतं, आणि रांगोळी ते लपवू देत नाही. संध्याकाळी पाहिलं तर सगळे सांधे पांढरेशुभ्र, फक्त एकावर काळपट डाग होता. तो सांधा माझा होता. मी हट्टाने तिथे रबराची चकती घातली होती आणि ती घासलेट पिऊन लिबलिबीत झाली होती. चकती काढून म्हाताऱ्याने तिथे तांब्याची बसवली.

इंजिन चाललं आणि दिवसभर भात कांडू लागलं. खंडेनवमीला मालकांनी त्याची पूजा मांडली आणि तांबटाला ठाण्याहून बोलावून घेतलं. सकाळी थोडं भात काढून इंजिन नुकतंच थांबवलं होतं, डोकं अजून तापलेलं होतं. मालकांच्या आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि निरांजनाचं तबक इंजिनाच्या बैठकीवरच ठेवलं. नारळ फोडायचा मान मला दिला.

आता यंत्राचा नारळ यंत्रावरच फोडायचा, ही आमच्याकडची रीत. मी हात उंच नेला आणि सगळ्यांदेखत एका फटक्यात फोडायचा म्हणून जोरात आपटला. नारळ फुटला, पण बैठकीच्या कडेवरून घसरून नळीवर बसला आणि पंपाजवळचा सांधा उखडला.

घासलेटाचा वास आला. तेलाचा एक ओहोळ बैठकीवरून तबकाकडे सरकताना मी पाहत होतो आणि माझे हातपाय हलेनात. मालक हाक मारत होते, तीही मला ऐकू येत नव्हती. म्हाताऱ्याने पुढे होऊन तबक उचललं, मालकांच्या आईच्या हातात दिलं आणि त्यांना अंगणात जायला सांगितलं. मग खांद्यावरच्या पंच्याने तेल पुसलं. नळीत होतं तेवढंच सांडलं, चार-पाच चमचे. बाकीचं भिंतीबाहेर टाकीत उतरून गेलं होतं.

मी वर तुळईकडे पाहिलं. तिथे माझी टाकी असती तर अख्खं डबाभर घासलेट त्या तापल्या डोक्यावर, निरांजनावर आणि तुसावर आलं असतं, आणि तोटी बंद करायला मी तिथे दगडासारखा उभा होतो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

फोडणाऱ्याला नारळाची एक वाटी मिळते. मी माझी वाटी म्हाताऱ्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या पाया पडलो. बघ, माझंच बरोबर होतं, असं काहीतरी त्याने म्हणावं, मी ऐकून घ्यावं, म्हणजे मोकळा झालो असतो. त्याने वाटीत डोकावून पाहिलं, त्यातलं राहिलेलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, "आधी आरती पुरी होऊ दे, अंगणात. मग सांधा बसवू. आणि पुढच्या वर्षी नारळ दगडावर फोड."

पुढल्या खंडेनवमीच्या आधीच तो गेला. मी खाडीकाठचा एक काळा दगड आणून गिरणीच्या दाराबाहेर बसवला. इंजिनं त्यानंतर दोनदा बदलली, पण टाकी वर कुणी नेली नाही. अजून दरवर्षी नारळ त्या दगडावरच फुटतो, आणि माझी वाटी मी ठाण्याला त्याच्या मुलाकडे पोचवतो.