पुढच्या बाकावरची मान

कात्रीमामांची माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा कान धरला, डोकं उजेडाकडे वळवलं आणि खुनाच्या जागी फौजदार शिरावा तशा आवाजात विचारलं, "हे कुणी केलं?" माझे आधीचे केस दुसऱ्या न्हाव्याने कापले होते. मी त्याचं नाव सांगितलं असतं, तर बिचाऱ्याला त्याच दिवशी परागंदा व्हावं लागलं असतं.

एरवी माणूस लोण्याहून मऊ. आरसा फोडणाऱ्या रंगाऱ्याला माफ, अर्ध्या दाढीवर उठून भांडायला गेलेल्या गिऱ्हाइकालाही माफ. प्रभूने माझं एवढं सोडलं, मी कशाला धरून बसू, असं म्हणत. अपवाद एकच, सख्खा साडू.

साडू एकदा चारचौघांत बोलून गेले होते की, मामांचा हात आता थरथरतो. ते साफ खोटं होतं, म्हणूनच झपाट्याने पसरलं. गिऱ्हाइकं आरशात स्वतःचं तोंड सोडून मामांचा हात बघू लागली. वस्तरा गळ्याशी आला की मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेत. मामांना हे फार लागलं. त्या हातावरच तर ते उभे होते.

साडूही ताठ. मामांकडे यायचं सोडून ते घरीच बायकोकडून केस कापून घेऊ लागले. ती मामींची धाकटी बहीण, स्वभावाने सोन्यासारखी, पण नवऱ्याच्या मानेवर तिने चक्क जिना बांधला. आणि चर्चमध्ये साडूंचा बाक नेमका मामांच्या पुढे! पाळक क्षमेवर बोलत आणि मामा डोळे घट्ट मिटून घेत. केवढी ही भक्ती, असं मागच्यांना वाटे.

एका रविवारी घरी परतताना मामा कुरकुरले, की क्षमा करणं देवाला सोपं आहे, त्याला त्या मानेमागे बसावं लागत नाही.

"अहो, तो सगळ्यांच्याच मागे बसलाय," मामी म्हणाल्या. "तुमची मान त्याला कशी दिसते, विचारलंत कधी?"

त्या दुपारी मामा धड जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः साडूंच्या दारी गेले आणि त्यांना दुकानात घेऊन आले. मी तिथेच पेपर धरून बसलो होतो. वाचत अर्थातच नव्हतो. जिना उतरवून झाला. मग तोंडाला फेस लागल्यावर साडूंना कंठ फुटला.

"भाऊ, मी तेव्हा जे बोललो ना..."

"ते मी कालच सोडलं. आता गप्प बसा, फेस तोंडात जाईल."

मामांनी वस्तरा लावला. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात खरोखर थरथरला. पांढऱ्या टॉवेलवर रक्ताचा थेंब पडला. बाकावरचे आम्ही सगळे दगड झालो.

साडूंनी आरशात पाहिलं.

"मीच हललो," ते म्हणाले.

"नाही हो, माझा हातच..."

"मीच हललो म्हणतोय ना!"

पुढे साडूंना पूर्ण टक्कल पडलं. तरी ते दर शनिवारी येऊन खुर्ची अडवून बसतात, आणि आम्ही ताटकळतो.