नाटकीबाईंचा गोड तास

शिक्षक घडवणाऱ्या त्या विद्यालयात बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने कुणीच ओळखत नसे. प्राचार्यांपासून घंटा वाजवणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, नाटकीबाई. ते बाईंच्या कानावर कधीच गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आवडतही होतं. "नाटक करते म्हणून तर पोरं जागी राहतात," त्या म्हणत. "नाहीतर दुपारच्या तासाला वर्ग घोरतो आणि पगार मात्र माझा चालू."

बाईंचा विषय म्हणजे अवघड जागेचं दुखणं. मुलगा-मुलगी, काळा-गोरा, इथला-बाहेरचा, साहेबाचं पोर आणि हमालाचं पोर, या सगळ्यांना वर्गात सारखं कसं वागवायचं, हे उद्याच्या शिक्षकांना शिकवायचं. नुसतं सांगायला गेलं की सगळे माना डोलावतात. भेदभाव वाईट, हे कुणाला ठाऊक नसतं? परीक्षेत पोपटासारखं लिहितात, आणि शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी मुलींच्या हाती झाडू देतात. पालथ्या घड्यावर पाणी! बरीच वर्षं असं पाणी ओतून झाल्यावर बाईंनी व्याख्यान सोडलं आणि नाटक धरलं.

नाटक असं, की शिकाऊ शिक्षकांनी सहावीतली मुलं व्हायचं. टोपलीतून प्रत्येकाने न बघता एक पुठ्ठा उचलायचा आणि दोऱ्याने गळ्यात अडकवायचा. कुणावर लिहिलेलं 'डॉक्टरांचा मुलगा, गोरा', कुणावर 'काळी मुलगी, शेवटचा बाक', कुणावर 'परक्या मुलखातून आलेला, अडखळत बोलतो'. आणि बाईंनी बाई व्हायचं. पण खडूस नाही हं, गोड. "छडी मारणारी बाई आंधळ्यालाही कळते," असं त्यांचं म्हणणं. "गोड बाई मात्र जन्मभर कळत नाही." मग त्या अशा काही मधाळ बोलायच्या की विचारू नका. डॉक्टरांच्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं, अडला तर हळूच सुचवायचं. शेवटच्या बाकावरचा हात दिसलाच नाही असं करायचं, आणि त्या मुलीचा चेहरा पडला की लाडाने म्हणायचं, "तू ना बाळ, फळा फार छान पुसतेस!" तास संपला की प्रश्न एकच, "कुणाला कुठे टोचलं?" त्यावर जी बोलणी व्हायची ती कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हती.

गोड बाई बाईंना पक्की ठाऊक होती. त्या स्वतः रंगाने चांगल्या काळ्या. लहानपणी शाळेच्या नाटकात राजकन्येचे सगळे संवाद त्यांना पाठ, पण दर वर्षी त्यांना 'रात्र' करायचे. काळी चादर पांघरून कोपऱ्यात उभं राहायचं, बोलायचं काही नाही. आणि त्यांना अशी रात्र बनवणाऱ्या शिक्षिकाच नाटकानंतर गाल ओढून खाऊ द्यायच्या. राग यावा तरी कुणाचा?

बाकीची सामग्री घरातून यायची. थोरल्या नणंदबाई जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, भावाकडेच राहत. जेवताना त्या आपल्या वर्गाच्या गोष्टी सांगत, आणि भावजय मान खाली घालून एकेक वाक्य मनात टिपून घेई. भावजयीच्या विषयाला नणंदबाई 'नसती उठाठेव' म्हणत. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, हेही तितकंच खरं.

तर त्या वर्षी बाईंच्या तासावर गदा आली. संगणकाचा नवा विषय कानामागून आला आणि तिखट झाला. त्याला जागा हवी, म्हणून कुणाचा तरी तास जायला हवा. प्राचार्य मनाने लोणी, आणि लोण्यासारखेच, जरा आच लागली की पातळ. "मी काय करू, बाई?" ते म्हणाले. "वरून तपासनीस येताहेत. त्यांनी तुमच्या तासाबद्दल चांगलं लिहिलं तर राहील, नाहीतर गेला." बाईंना पुढचं सगळं दिसायला लागलं. हा तास गेला तर इथून बाहेर पडणारा प्रत्येक शिक्षक आपापल्या शाळेत कुणा ना कुणाला रात्र करत राहणार, आणि तेही अगदी प्रेमाने.

तपासनीस आले ते उशिरा. नाटक ऐन रंगात होतं. विषय घेतला होता, ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठे जातं. उंचेपुरे, काळेसावळे, टापटीप कपड्यांतले साहेब मागच्या दाराने अलगद आले आणि भिंतीलगतच्या खुर्चीत बसले. तिथून त्यांना सगळ्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या, गळ्यातले पुठ्ठे दिसत नव्हते. बाईंना वाटलं, प्राचार्यांनी समजावून आणलं असेल. प्राचार्यांना वाटलं, बाई सांगतील. बाई दुप्पट जोराने गोड झाल्या. डॉक्टरांच्या मुलाला शाबासकी, शेवटच्या बाकाला फळा. "मुलींनो, वर्ग आवरा. मुलांनो, बाकं उचला, पुरुष ना तुम्ही!" साहेब मान डोलावत होते. नाटक संपलं, बाई 'कुठे टोचलं' विचारायला वळणार, तोच साहेब उठून पुढे आले.

"वा, बाई, वा!" त्यांचे डोळे अगदी चमकत होते. "वर्गावर काय पकड आहे! काय माया आहे बोलण्यात! विज्ञान असंच शिकवायला हवं. मला माझ्या बाईंची आठवण झाली. अगदी अशाच होत्या त्या."

पहिल्या बाकावर खसखस पिकली. प्राचार्य मात्र आनंदाने साहेबांना चहाला घेऊन गेले, आणि थोड्या वेळाने धावतपळत परत आले. "जिंकलात, बाई! 'आदर्श पाठ' म्हणताहेत. उद्या सकाळी अहवालावर सही करून जाणार."

"अहो, पण त्यांना ते खरंच वाटलं!"

"वाटू दे की! झाकली मूठ सव्वा लाखाची. हातातोंडाशी आलेला घास घालवू नका."

बाई घरी आल्या त्या तोंड लांब करून. नणंदबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरधरून हसल्या. "आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तुझं पटलं, आणि तू रडतेस?"

"वन्सं, चुकीचं पटलं ना पण!"

"बोललीस तरी काय एवढं?"

बाईंनी उभं राहून बोलून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. नणंदबाईंचं हसू हळूहळू ओसरलं. "ही तर मी आहे," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं चोरून केलेली नक्कल आज मालकिणीसमोरच सादर झाली होती.

नणंदबाईंनी चष्मा काढला. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "नक्कल करतेस तर धड कर. मी खडू असा नव्हते धरत." आणि थोडं थांबून, "मला कुणी त्या वेळी सांगितलं असतं, तर ऐकलं असतं गं मी. वाईट नव्हते मी."

"मला माहीत आहे, वन्सं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा निश्चय तिथेच झाला.

सकाळी त्यांनी साहेबांना प्राचार्यांच्या दारातच गाठलं. "साहेब, सहीआधी थोडा वेळ द्याल? आज वर्गात एक विद्यार्थी कमी आहे." प्राचार्य मागून हातवारे करत होते, ते बाईंनी बघितलेच नाहीत. साहेब हौशी निघाले. त्यांनी हसत हसत टोपलीत हात घातला, पुठ्ठा वाचला आणि गळ्यात अडकवला. डॉक्टरांचा मुलगा, गोरा. वर्गात हशा पिकला. सगळ्यांत जास्त साहेबच हसले.

ते पहिल्या बाकावर बसले. गुडघे बाकाला अडत होते, पण चेहरा फुलला होता. बाईंनी कालचाच पाठ घेतला. पहिला प्रश्न साहेबांना, दुसराही साहेबांना. शाबास, किती हुशार! तिसऱ्याला ते अडले, तर बाईंनी कानाशी वाकून सुचवलं. साहेब लहान मुलासारखे खूश. चौथा प्रश्न आला, "मग थंडीत कपडे उशिरा का वाळतात?" साहेबांचा हात वर गेला, आणि सहज म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं.

शेवटच्या बाकावर एक उंच मुलगी हात वर करून बसली होती. हात अवघडला म्हणून तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला होता. तिच्या गळ्यातला पुठ्ठा साहेबांनी वाचला. मग बाजूचा वाचला, मग त्याच्या बाजूचा. असे सगळे वाचले.

साहेबांनी आपला हात खाली घेतला. "बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकाएकी पार बदलला होता, "तिला विचारा. तिचा हात केव्हाचा वर आहे."

बाईंनी विचारलं. मुलगी धडपडत उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं, आणि कानापर्यंत लाल झाली. "येत होतं, बाई. खरंच येत होतं. पण इतका वेळ हात वर धरून धरून… विसरले."

सगळा वर्ग खो-खो हसला. दारात उभे असलेले प्राचार्यसुद्धा हसले. साहेब तेवढे हसले नाहीत.

"माझंही तसंच व्हायचं," ते म्हणाले. "मग मी हात वर करणंच सोडलं. आणि काल मी तुम्हाला सांगितलं, की आमच्या बाई फार चांगल्या होत्या."

"चांगल्याच असतील, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच."

साहेबांनी मान हलवली. मग प्राचार्यांना म्हणाले, "तो अहवाल आणा इकडे. चुकीच्या कारणासाठी चांगला लिहिलाय मी. आणि हा तास कुणाला द्यायचा विचार होता म्हणता?"

"छे, छे! कुणालाच नाही!" प्राचार्य पातळ होत म्हणाले.

साहेब उठले, पण दाराकडे गेले नाहीत. बाकांच्या मधून वाट काढत ते मागे गेले आणि त्या उंच मुलीशेजारच्या रिकाम्या जागेवर बसले. बाईंनी वर्गाला नेहमीचा प्रश्न विचारला. "सांगा, कुणाला कुठे टोचलं?"

हात वर झाले, भराभर. साहेबांचाही झाला. नाटकीबाई सवयीप्रमाणे पुढच्या बाकाकडे वळत होत्या. त्या थांबल्या, आणि त्यांनी मागून सुरुवात केली.