झुलीच्या आत कोण?

मेंदूज्वरातून आई वाचली. सुटलो, असं सगळे म्हणाले. मग तिने मेथीची जुडी हातात धरून मला विचारलं, "हे काय गं?"

आई नाशिकच्या बाजारात भाजी विकते. तागडी, वजनं, क्रेट, छत्रीची मोडकी काडी, सगळं तिला ओळखता येत होतं. पण वांगं, कोथिंबीर, मांजर, कबुतर? काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, तापाने मेंदूचा एक भाग दुखावलाय. झाडं-प्राण्यांची ओळख गेली, माणसांची आणि वस्तूंची राहिली. मी चळवळीची पत्रकं लिहिते. पत्रकात प्रत्येक अन्यायाला कुणीतरी जबाबदार असतं. इथे बोंब कुणाच्या नावाने मारू?

मामाच्या नावाने मारली. तो गावाहून माल आणून देतो, आणि आईची बाजारातली जागा दुसऱ्या बाईला द्यायला निघाला होता.

"तागडी कळती अन् वांगं कळत नाय? आक्का, कामाचा कंटाळा आलाय म्हण की सरळ."

"मामा, तू कधी झालास रे मेंदूचा डॉक्टर?"

पोळ्याला आम्ही त्याच्या घरी गेलो. पाटावर मातीचा बैल मांडला होता. आईने हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळी ठेवली. "पोळ्याची मूर्ती आहे. ओला हात लावू नका, रंग जाईल."

"घे! बैल बरा वळखला," मामा मला म्हणाला.

तेवढ्यात दारात खरा बैल आला. तो वासरू असताना त्याची माय मेली, तेव्हा आईनेच माहेरी राहून त्याला बाटलीने दूध पाजलं होतं. आई पुढे झाली. "झूल नवी दिसते. आरसे छान लावलेत. घुंगरांचा पट्टा सैल आहे, आवळ." बैलाने तिचा हात चाटला. ती दचकून मागे सरली आणि मामाला हळूच म्हणाली, "झुलीच्या आत कोण आहे रे?"

मामा पट्टा आवळत राहिला. आवळून झाला तरी.

तोच आकार, मातीचा असला तर ओळखीचा, जिवंत असला तर परका. एवढ्याशा कवटीत इतकी बारीक वाटणी कुणी करून ठेवली?

पुढच्या बाजाराला मामा आईशेजारी बसला. गिऱ्हाईक वांगी मागतं, मामा क्रेट दाखवतो, आई चोख तोलते. मधेच तिने एक वांगं उचलून न्याहाळलं.

"हे खातात का रे?"

"खातात, आक्का. तुला लय आवडतं."

"मग घरी नेऊ थोडी."