लग्नाच्या गुंडावर ‘कै.’

मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात मी लग्नाच्या आहेराच्या गुंडावर, म्हणजे पाणी भरायच्या स्टीलच्या मोठ्या भांड्यावर, नाव टाकायला बसलो होतो... आणि मशीन सुरू करण्याआधी सवयीने फोन बघितला.

तो गेला होता. ज्याच्या आवाजाच्या आधाराने माझी दहावीपासूनची वर्षं निघाली, तो गायक. नाव मुद्दाम लिहीत नाही, चार दिवस तुमचं फीडही त्याच्याच फोटोंनी भरलं असेल.

फोन उलटा ठेवला आणि कामाला लागलो. दुसरं काय करणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाव टाकायची मशीन पेनासारखी हातात धरतात, टोकाला सुई थरथरत असते. स्टीलवर एकदा अक्षर उमटलं की पुसता येत नाही, घासलं तर डाग राहतो. म्हणून मी चिठ्ठी तीनदा वाचतो, अक्षरं मोजतो आणि मगच हात लावतो. घराचं कुलूपही तीनदाच ओढून बघतो, तो भाग वेगळा... पण सहा वर्षांत कामात एकही चूक नव्हती.

समोर स्टुलावर प्रताप नगरच्या एक काकू बसल्या होत्या. भाच्याचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘चि. निखिल यास, मावशीकडून’.

मी मात्र मनाने पंधरा वर्षं मागे, पंकजच्या गच्चीवर पोचलो होतो...

पंकज माझा शाळेतला मित्र. त्याने मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात हिंदी गाणी भरून आणली होती, त्यात दुकानदाराच्या चुकीने एक फोल्डर जास्तीचा आला. न्यू मेटल, म्हणजे आरडाओरडा असलेलं इंग्रजी रॉक. पाण्याच्या टाकीला टेकून आम्ही एकेक इअरफोन कानात घातला.

गिटार इतक्या खर्जात, की दात हलल्यासारखे वाटले. मागे कोणीतरी रेकॉर्ड खरवडतोय, एक जण भराभर बोलतोय आणि हा माझा गायक... अगदी हळू, कानाशी येऊन सांगितल्यासारखा गातोय. मग तोच आवाज अचानक फाटला. पंकजने दचकून इअरफोन उपटला. मी नाही काढला.

मला लहानपणापासून सगळ्याची धास्ती. पेपरच्या सकाळी उलटी, पाहुणे आले की मी माळ्यावर. हे कोणाला सांगता येतं, हेच माहीत नव्हतं. आणि इथे एक मोठा माणूस तेच सगळं घसा फाडून ओरडत होता... तेही सुरात!

इंग्रजीत मी जेमतेम काठावर. तरी गाणं थांबवून थांबवून, ऐकू येईल तसे शब्द देवनागरीत उतरवले. चार-पाच बँड्सची गाणी, दोनशे पानी वही. अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला... आणि काय आश्चर्य, मला जे वाटत होतं तेच ते गात होते.

शाळा अकरावीत सुटली. वही नाही सुटली.

...तर हात चालत होता. थांबला तेव्हा गुंडावर ‘चि.’च्या जागी ‘कै.’ उमटलं होतं.

काकू वाकून बघतच होत्या. “हे काय करून ठेवलं गा? लग्नाचा गुंड आहे ना माह्या भाच्याचा!”

मी घाईने ते अक्षर हाताने झाकलं. दुकानाचे मालक आणि मला हे काम शिकवणारे मोरेश्वरकाका गल्ल्यावरून उठून आले.

“घरी काही झालं काय? ध्यान कुठं आहे तुहं?”

“घरी नाही, काका. माझ्या फोनमधला तो गायक... गेला.”

“कोण? तो बोंबलणारा?”

मी मान हलवली, आणि भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर मला रडू आलं. आता हे हसतील असं वाटलं. नोकरी गेली, हे तर मी मनात धरूनच चाललो होतो.

“कुठचा होता?” काकूंनी विचारलं.

“अमेरिकेचा.”

“किती वर्षांपासून आयकत होता त्याले?”

“पंधरा.”

काकूंनी गुंड उजेडात धरून ते ‘कै.’ बघितलं आणि म्हणाल्या, “मंग आता ज्याचं आहे त्याचंच नाव टाक त्याच्यावर. माह्यासाठी दुसरा गुंड काढ. अन् माह्या निखिलच्या गुंडाले हात लावताना तो फोन दूर ठेव!”

“या गुंडाचे पैसे तू देशील बरं,” काका म्हणाले. पण मशीन त्यांनीच पुन्हा सुरू करून माझ्या हातात दिली.

आधी काकूंचा गुंड केला, चिठ्ठी चारदा वाचून. मग तो दुसरा. ‘कै.’च्या पुढे त्याचं पूर्ण नाव, वहीच्या पहिल्या पानावर होतं अगदी तसं. खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. मशीनची घरघर थेट त्या गिटारसारखी आहे, हे सहा वर्षांत पहिल्यांदाच लक्षात आलं...

“देणाऱ्याचं नाव?” काकांनी विचारलं. रीतच आहे ती. मी कोरलं, ‘दोन पोरांकडून, नागपूर’.

फोटो पंकजला पाठवला. तो आता हैदराबादला असतो, दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मिनिटभरात उत्तर आलं, “वही आहे का अजून?”

स्मरणार्थ केलेलं भांडं स्वतःच्या घरात ठेवत नाहीत, ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावं लागतं. काकांनी गुंड दुकानाबाहेर सावलीत ठेवायला सांगितला, येणाऱ्या-जाणाऱ्याला प्यायच्या पाण्यासाठी. मी त्याला ओलं पोतं गुंडाळलं, नाव तेवढं उघडं ठेवलं.

काल दुपारी एक हातगाडीवाले दादा थांबले. दोन पेले पाणी प्यायले. तिसरा भरताना अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी नाव सावकाश, पूर्ण वाचलं... ते नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून मोठ्याने उच्चारलेलं मी इतवारीत कधी ऐकलं नव्हतं.

“कोण होते गा हे?”

“गाणारे होते, दादा.”

“असं काय...” त्यांनी पेला संपवला, तोंड पुसलं. “पाणी गार आहे त्याईचं.”

काकू ही पोस्ट वाचणार नाहीत, तरी त्यांचे आभार. आज शटर उघडल्याबरोबर मी आधी तो गुंड भरला, मग मशीनला हात लावला.