झडतीबाई

वाघमारेबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "तुम्हाला कशाला हवंय?" कोणी विचारलं, बाई, पांगाऱ्याचं रोप कुठे मिळेल? "तुम्हाला कशाला हवंय?" कोणी विचारलं, पुढची सहल कधी आहे? तरी तेच. देशी झाडं लावा, डोंगर बघा पण ओरबाडू नका, हे पुण्यात दारोदार जाऊन सांगण्याचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, तेही बिनपगारी. पण आलेल्या माणसाकडे त्या अशा बघायच्या, की आपण रोप मागायला आलोय की चोरायला, हे आपलं आपल्यालाच कळेनासं व्हायचं.

नोकरी टेलिफोन एक्सचेंजमधली. ट्रंक कॉल जोडून द्यायचे. मग यंत्रं आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले, आणि बाईंनी लवकर निवृत्ती घेऊन डोंगर धरला. "दोन्हीकडचं ऐकलंय मी," त्या म्हणायच्या. "नवरा बायकोला सांगतो मुंबईत अडकलोय, आणि कॉल लोणावळ्याहून लागलेला." माणसं खोटी, झाडं खरी, असलं काही गोडगोड मात्र त्या बोलत नसत. त्यांचा झाडांवरही संशय होता. गुलमोहर दिखाऊ, निलगिरी आपमतलबी, आणि सुबाभूळ तर सरळसरळ घुसखोर.

माझी त्यांची गाठ पडली वारज्याला, आमच्या नव्या सोसायटीत. मी शाळेत शिकवत होते, नुकतेच कर्ज काढून फ्लॅटमध्ये आलो होतो. बिल्डरने करून दिलेली बाग बघायला आणि देशी झाडांवर चार शब्द सांगायला बाईंना बोलावलं होतं. सेक्रेटरी अभिमानाने एकेक कुंडी दाखवत होते. बाईंनी वाकून पानांच्या खाली बघितलं.

"एकाही पानाला भोक नाही."

"नाहीच. दर आठवड्याला फवारणी असते," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे इथे कोणी जेवायला येत नाही. बाग म्हणायची का शोरूम?"

मला हसू आलं. बाईंनी तेवढ्यात मला हेरलं. "तुम्ही हसताय. रविवारी सकाळी या, टेकडीवर." त्यांच्या सुरात आमंत्रण कमी आणि समन्स जास्त होतं. मी गेले, आणि पुढे कितीतरी वर्षं जातच राहिले. पुढच्या पावसाळ्यात सोसायटीच्या कुंपणाला करंज आणि बहावा लागले. सेक्रेटरींनी ते स्वतःच्या नावावर खपवले, ते सोडा.

हिंजवडीत शेतं जाऊन काचेच्या इमारती आल्या तसं कंपन्यांचं बोलावणं यायला लागलं. पर्यावरण दिन, टोप्या, बॅनर, फोटोग्राफर. एका कंपनीत एक चुणचुणीत मुलगी फावडं घेऊन पुढे आली. "मॅम, प्लीज फर्स्ट प्लांट तुम्ही लावा." बाई म्हणाल्या, "आधी मागच्या वर्षीची दाखवा." धावपळ झाली. कोणी म्हणे पार्किंगमागे असतील, कोणी म्हणे ती दुसऱ्या डिपार्टमेंटने लावली होती. बाई सावलीत खुर्ची ओढून बसल्या. मागच्या वर्षीचं झाड काही सापडलं नाही. बाईंनी फावड्याला हातही लावला नाही, चहाही घेतला नाही, आणि त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. परतताना मी बसमध्ये म्हटलं, "बाई, थोडं गोडीत घेतलं असतं तर?" "गोडीत घ्यायला ते आहेत की सगळे," त्या म्हणाल्या.

श्रावण-भाद्रपदात त्या फुलं दाखवायला बस न्यायच्या. नियम कडक. बसमधून उतरण्याआधी प्रत्येकाने बुटाचे तळ खरवडायचे, म्हणजे शहरातलं गाजरगवत डोंगरावर जात नाही. वाट सोडायची नाही. जेवण गावातल्या घरी, पैसे त्या घरच्या बाईच्या हातात. आणि परत निघताना बसच्या दारात पिशव्यांची झडती. झडतीबाई हे नाव पडलं ते त्यावरून. एकदा एका अगदी सोज्वळ आजींच्या डब्यात, पोळीच्या खाली, मातीसकट कंद निघाला. "आजी, ही कसली भाजी?" बाईंनी विचारलं. आजी म्हणाल्या, "अहो, देवघरापुढच्या कुंडीत लावणार होते." बाईंनी त्यांना हाताला धरून परत वर नेलं आणि कंद जिथल्या तिथे पुरायला लावला. बस तोवर थांबली.

बाईंचा जीव अडकला होता तो कंदीलपुष्पात. बोटाएवढं फूल, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली. नाजूक वेल, जमिनीत कंद. हौशी लोक कंद उकरून घरी नेतात, पुढच्या पावसाळ्यात कुंडीत काही उगवत नाही, आणि डोंगरावरचंही गेलेलं असतं. यातली एक फार दुर्मिळ जात बाईंना कुठल्याशा टेकडीवर सापडली होती. सहलीत त्या तिचा फोटो दाखवायच्या, जागा सांगायच्या नाहीत. मला ते फूल बघायचं होतंच. पण खरं सांगायचं तर, त्याहून जास्त मला हे हवं होतं, की या बाईने एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवावा.

एका संध्याकाळी त्यांच्या घरी चहा पिताना त्यांनी आपण होऊन मला एका टेकडीचं नाव सांगितलं. (ते मी इथे लिहिणार नाही. उगाच शोधू नका.) "माझ्यामागे कोणाला तरी ठाऊक हवं," त्या म्हणाल्या. "पण जाऊन बघायचं नाही. एक माणूस गेला की वाट पडते." मी शब्द दिला आणि तो पाळला. घरी नवऱ्यालाही बोलले नाही. त्या आठवड्यात मी शाळेत उगाच खुशीत होते.

निखिल हा आमच्यातला कॉम्प्युटरवाला. कष्टाळू मुलगा, सहलीची सगळी निरोपानिरोपी तोच करायचा. एका भाद्रपदात सकाळी सकाळी बाईंचा फोन आला. "निखिल फुटला." त्याने त्याच्या ट्रेकिंगवाल्यांच्या ईमेल ग्रुपवर कंदीलपुष्पाची जागा टाकली होती. बाईंना ते कसं कळलं, तर ग्रुपमधल्या कोणीतरी त्यांनाच फोन करून विचारलं, अमुक टेकडीला गाडी किती वर जाते? ती टेकडी मला सांगितलेली नव्हतीच. मी गोंधळले. तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं, "मी प्रत्येकाला वेगळी टेकडी सांगितली आहे. गर्दी जिथे जाईल त्यावरून माणूस कळतो."

प्रत्येकाला, म्हणजे मलाही.

निखिलला त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "सापडलात. आता येऊ नका." तो बिचारा सांगत राहिला, "मॅम, मी अवेअरनेससाठीच टाकलं हो." मग बाई मला म्हणाल्या, "चला, गंमत बघून येऊ. उघडा माळ आहे तो, नुसते फिरत बसले असतील." ती टेकडी त्यांनी एसटीच्या खिडकीतून बघून निवडली होती.

पायथ्याला एक मेंढपाळ भेटला. "काल लई गाड्या आल्या व्हत्या," तो म्हणाला. "खाली बघत बघत फिरत व्हती समदी. घावलं बी त्यास्नी कायतरी."

बाईंची चाल बदलली. वर पोचलो तर खडकाच्या कडेने ताजे खड्डे होते, आणि माती उकरून टाकलेली. एका खड्ड्याशी तुटलेली वेल पडली होती, तिला एक फूल अजून होतं. बाईंनी ते उचललं, फिरवून बघितलं आणि मटकन खाली बसल्या. तीच जात होती.

"मी इथे कधी चढलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी पंचशील म्हणते मी. खोटं बोलणार नाही, असं म्हणते. आणि दिवसभर तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलत होते." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला राग आला होता, तरी मी त्यांची पाठ थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या हिंजवडीला गेल्या. निखिलच्या कंपनीच्या फाटकावर रखवालदाराने त्यांची पर्स उघडून तपासली, त्यांनी मुकाट्याने तपासू दिली. निखिल खाली आला. नंतर त्यानेच मला सांगितलं, बाई म्हणाल्या, "जागा फोडलीत ती तुमची चूक. पण मी तुम्हाला खोटं समजून सांगितलं होतं. ती माझी चूक, आणि ती मोठी आहे." निखिल पुन्हा सहलींना यायला लागला. बाई त्याची पिशवी पूर्वीसारखीच तपासायच्या.

पुढे एकदा मी धीर करून विचारलंच. "बाई, मला सांगितलेली टेकडी खरी होती का?"

"तुम्ही कोणाला सांगितलीत?"

"कोणालाच नाही."

"मग काय फरक पडतो?" आणि त्या पुढे चालायला लागल्या.

फरक पडत होता. फार पडत होता. पण एवढी वर्षं बरोबर काढल्यावर तेवढं त्यांना समजायला हवं होतं, असं वाटून मीही पुन्हा विचारलं नाही. मग त्यांचे गुडघे गेले, त्या नागपूरला मुलाकडे गेल्या, आणि एका उन्हाळ्यात तिकडून त्या गेल्याचा फोन आला.

त्यानंतरच्या श्रावणात मी माझ्या टेकडीवर गेले. कोणाला न सांगता, एकटी. पायवाट अशी नव्हतीच. वरच्या कातळाच्या कडेला, गवतात, फुलं होती. एक सापडलं, मग नजर बसली तशी दिसतच गेली. मी तिथेच बसले आणि रडले, आनंदाने. बाईंनी मला खरी जागा सांगितली होती.

मग डोळे पुसले आणि आठवलं, की निखिलच्या टेकडीवरही फुलं होतीच. बाईंनी मला खरं सांगितलं होतं, की खोटं सांगताना त्या पुन्हा एकदा चुकल्या होत्या? विचारायला त्या नव्हत्या. असत्या तरी त्यांनी सरळ उत्तर दिलं नसतं. बाईंचा माझ्यावर विश्वास होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही. मी त्यांच्यावर ठेवला. जड गेलं.