धोतराआडची पंगत

निजामाच्या साऱ्या मुलुखात पडद्याआड बसून माझ्या हुलसूरच्या खोलीसोबत्याइतकं कुणी बोललं नसेल. मी तोलूनमापून बोलणारा माणूस आहे, घरात त्याबद्दल मला हसतातही; पण हे विधान मी सौम्य करणार नाही. बिदरला मिशनच्या शाळेत शिकताना बोर्डिंगात आम्ही एका खोलीत राहत होतो. तिथं मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशा सगळ्या बोली एकत्र नांदत, आणि एकाच नावाची मुलं इतकी, की आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाका मारायचो. मी मादन हिप्परग्याचा म्हणून हिप्परगा, आणि तो हुलसूर.

त्याचं घर लिंगायतांतलं फार कडक. गळ्यात इष्टलिंग नसलेल्याची, म्हणजे लिंगायत नसलेल्या कुणाचीही, नजर ताटावर पडू द्यायची नाही, ही त्याच्या आईची रीत. निघताना तिनं तशी शपथच घातली होती. दुसरा कुणी एखादा कोपरा धरून गुपचूप जेवला असता. पण याला एकट्यानं घास उतरत नसे. म्हणून त्यानं पंगतीतच भिंतीच्या खुंटीपासून खांबापर्यंत दोरी बांधली, तीवर आपलं धोतर टाकलं आणि आत बसला. आत म्हणजे नुसतं शरीर. बाकी सगळा बाहेरच. कुणाचं गणित चुकलं, कुणी प्रार्थना संपायच्या आत भाकरी मोडली, याचे निकाल धोतराआडून लागत. वाद रंगला की पडद्याखालून एक हात बाहेर येई, बोटांना चटणी लागलेली. "आमच्या धर्मात जातपात न्हाईच मुळी," हे व्याख्यानही त्यानं आतूनच दिलं. पावसाळ्यात धोतर वाळत नसे. मग ओल्या धोतराआड बसून, अंगावर पाणी निथळत असताना, तोच आम्हाला विचारी, "तुमच्याकडं गळायलंय का रे?" समोर बसणारा एक मुसलमान मित्र त्याला रोज दखनीत चटणी हवी का विचारायचा, "बेगमसाब, चटनी होना क्या?" आतून उत्तर यायचं, "होना मियाँ, बहोत होना!" आणि पडद्याखालून रिकामी वाटी सरकायची. पाद्रीसाहेबांनी एकदा त्या धोतराबद्दल बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आतून "साहेब, आज वरण झकास झालंय" असं आलं, आणि ते हसत पुढे गेले. आम्ही सगळेच हसायचो.

मग करजगीचा एक मुलगा आला. त्याचं घराणं गावकुसाबाहेरचं, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती झालेलं. त्याला पंगतीत जागा मिळाली ती नेमकी धोतराशेजारी. त्यानं पडद्याकडे एकदा पाहिलं, ताट उचललं आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवला. पुढेही तो तसाच जेवत राहिला. आम्हाला वाटलं, लाजरा आहे. एका संध्याकाळी तो पेटी भरताना दिसला, तेव्हा हुलसूर दारात आडवा आला.

"पेटी कामून भरायलास रे? गावाकडं जायलास?"

"व्हय. गावात आमच्यापुढं पडदेच हायेत. हितं नसतील म्हणून आलतो."

"अरे, ते धोतर तुझ्यासाठी न्हाई टांगलं. तुझ्या आधीपासून हाय. समद्यांसाठी हाय."

"असंल," तो पट्टा आवळत म्हणाला. "समद्यांला त्येचं हसू येतंय. मला न्हाई येत."

आईला दिलेला शब्द मोडणं हुलसूरकडून होणार नव्हतं, आणि दारातून हलणंही होईना. जेवणाची घंटा झाली. त्यानं करजगीचा हात धरून त्याला पंगतीत आणलं, दोरीवर धोतर टाकलं आणि करजगीचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं.

"आईनं नजर पडू देऊ नको म्हणलंय. जवळ बसू नको म्हणलं न्हाई. तू तिकडं तोंड कर, मी हिकडं करतो. पाठीला डोळे असत्यात व्हय?"

करजगी जागचा हलला नाही. "अन् माझ्या ताटावर तुझी नजर पडली तर?"

"मग तू तुझ्या आईला सांग!"

करजगीच्या ओठांवर काहीतरी हललं, आणि तो वाकून आत गेला. पंगतीत कुणी घास मोडेना. शेवटी समोरच्यानं भीतभीत विचारलं, "बेगमसाब, चटनी होना क्या?" आणि पडद्याखालून, दोन बाजूंनी, दोन वाट्या बाहेर आल्या.

या उन्हाळ्यात मी हुलसूरकडे, त्याच्या गावी, गेलो. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याबरोबर शपथही सुटली, असं तो म्हणतो. करजगीही आला होता, आता शाळामास्तर आहे. जेवायला बसलो तेव्हा दोरी नव्हती, धोतर नव्हतं. मला त्यानं भिंतीजवळ पाट दिला. ते दोघं मात्र एकमेकांना पाठ लावून बसले. मी म्हटलं, "अरे, आता कशाला? फिरा की समोरासमोर."

"फिरलो तर टेकू कुणाला, हिप्परगा?" तो म्हणाला. करजगीची पाठ जराशी मागे सरली, एवढं मला दिसलं.

मी भिंतीला टेकून जेवलो.