याजामावशींच्या नावाचा दिवस

याजामावशींना वाढदिवस विचारलेला खपत नसे. "वय काय, मांजराचंही वाढतं. नाव कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं," असं म्हणून त्या विषय बंद करायच्या.

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत असताना त्यांच्या घराचा वरचा मजला मी आणि माझ्या रूममेटने भाड्याने घेतला होता. त्या पोलंडच्या. नाव यादविगा, लाडाने याजा. मावशी आम्ही जोडलेलं. नाव मूळचं जर्मनांकडून आलेलं, त्याचे दोन तुकडे आणि दोन्हींचा अर्थ लढाई, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. "पुढून लढाई, मागून लढाई. नवरा बिचारा मधे सापडला," म्हणायच्या. प्रत्यक्षात त्यांची लढाई चाले ती अंगणातल्या खारींशी, आणि तीही त्या हरायच्या.

पोलंडमध्ये कॅलेंडरात नावांचे दिवस असतात; त्या नावाची माणसं तो दिवस वाढदिवसासारखा साजरा करतात. यादविगांचा ऑक्टोबरात. पहिल्या वर्षी त्या दिवशी सकाळपासून घरभर सफरचंदाच्या केकचा वास सुटला होता. रूममेट नागपूरचा. म्हणाला, "इन्व्हाइट केलंय का आपल्याला? असं कसं जायचं यार?" मलाही ते पटलं. आम्ही वरच बसून राहिलो. संध्याकाळी त्या गुडघे धरत जिना चढून आल्या. "नावाच्या दिवसाला बोलावत नसतात. ज्याला नाव आठवतं तो येतो." आम्ही मुकाट्याने खाली गेलो. टेबलावर सहा बशा मांडलेल्या होत्या आणि पाहुणा एकही नव्हता. त्यांच्या बरोबरीची माणसं एकेक करून गेली होती.

पुढची चार वर्षं मी तो दिवस चुकवला नाही. मग नोकरीसाठी दूर मिनेसोटात, ईडन प्रेरीला आलो. पहिल्या ऑक्टोबरात फोन केला, तर म्हणाल्या, "फोनवर केक खाता येत नाही."

दुसऱ्या वर्षी टपालाने कार्ड आलं. अक्षर थरथरतं. "तुमच्याकडे बोलावणं लागतं ना? हे घे. ये."

मी लगेच तिकीट काढलं. मग ऑफिसातली सॉफ्टवेअरची रिलीज नेमकी त्याच आठवड्यात आली आणि ते कॅन्सल केलं. "पुढच्या वर्षी नक्की येतो," मी फोनवर म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. लढल्या नाहीत.

मार्चमध्ये त्या गेल्या. घर विकलं गेलं. मला त्यांची फार आठवण येते, आणि त्या "बरं"ची त्याहून जास्त.

या ऑक्टोबरात मी त्या दिवसाची रजा महिनाभर आधीच मंजूर करून घेतली. सकाळी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, फ्रिजवर लावलेलं कार्ड काढून खिशात ठेवलं. जायला घर नव्हतं.